तिसऱ्या तासाची सायकल

पंचवीस-तीस किलोमीटरपर्यंत कुठलीही सायकल चालते. सीट टोचत असेल, हात भरून येत असतील, तरी माणूस उतरतो, पाणी पितो, खांदे फिरवतो आणि उरलेलं अंतर काढतो. तिसरा तास लागला की मात्र शरीर तक्रारी मोजून दाखवायला लागतं. माझ्या सपाट हँडलच्या हायब्रिडवर (रोड आणि माउंटन यांच्या मधली सायकल) साधारण तिथूनच करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं, मान आखडायची, आणि बसण्याच्या जागेबद्दल तर बोलायलाच नको. अर्थात पुढे त्याबद्दलच सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण एरवी कुणी बोलत नाही.

मला काय हवं होतं ते सांगायला सोपं होतं. शंभर किलोमीटर जाऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावंसं वाटेल अशी सायकल. गुळगुळीत डांबरावर ती रखडू नये, मध्येच खडी किंवा कच्चा रस्ता लागला तर उतरावं लागू नये, कधीमधी दोन-तीन दिवसांचं सामान लादता यावं आणि रोजच्या येण्याजाण्यालाही तीच चालावी. प्रत्येक कामाला वेगळी सायकल ठेवायला माझ्याकडे जागा नाही, आणि त्या सगळ्यांच्या चेनी पुसत बसायचा उत्साहही नाही.

शोध सुरू करताना मनाशी एकच क्रम ठरवला: ज्या गोष्टी नंतर बदलता येत नाहीत त्या आधी बघायच्या. सीट बदलता येतं. हँडल, स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा आखूड दांडा), टायर, पेडल बदलता येतात, थोडी पदरमोड केली तर गिअरसुद्धा. फ्रेम बदलता येत नाही. दुकानात हा क्रम बरोबर उलटा असतो. आधी रंग, मग गिअर किती, मग बोटावर उचलून दाखवलेलं वजन. फ्रेमची मापं विचारली की "तुमची उंची किती?" एवढा प्रश्न येतो, आणि त्या उत्तरावरून एस किंवा एम असं एक अक्षर हाती पडतं.

त्याच्याही आधी येतं ते "मॅडम, लेडीजमध्ये दाखवू?"

यावर मी सुरुवातीला चिडायचे, नंतर थोडं वाचल्यावर चिडणं कमी झालं. 'लेडीज' सायकलचा इतिहास गमतीचा आहे. ॲनी लंडनडेरी १८९४ मध्ये बॉस्टनहून जगप्रवासाला निघाली ती कोलंबिया कंपनीच्या बायकांसाठीच्या सायकलवर, आणि त्या धुडाचं वजन होतं ४२ पौंड, म्हणजे १९ किलो. शिकागोला पोचेपर्यंत तिचा जीव मेटाकुटीला आला. तिथे तिने ती सायकल सोडून स्टर्लिंगची पुरुषांची सायकल घेतली, वजन जवळपास निम्मं, आणि लांब स्कर्टही सोडून दिला. म्हणजे बायकांसाठी म्हणून केलेली वस्तू लांबच्या प्रवासाला निरुपयोगी ठरणं हे तेव्हापासूनचं आहे. पण याच्या उलटही घडलंय. जॉर्जीना टेरी या इंजिनिअर बाईंनी १९८५ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि बुटक्या बायकांसाठी पुढचं चाक लहान, २४ इंची, अशा सायकली बांधल्या. दिसायला विचित्र, पण त्यामागचा विचार पक्का होता. चाक सगळ्यांना एकाच मापाचं द्यायचं ठरवलं की लहान फ्रेममध्ये ते मावतच नाही, आणि मग फ्रेमची सगळी मापं वेडीवाकडी करून ते बसवावं लागतं. टेरीबाईंनी चाकालाच हात घातला.

आज कंपन्यांत दोन तट आहेत. जायंटची लिव्ह ही शाखा बायकांसाठी वेगळी फ्रेम बनवते. स्पेशलाइज्डने मात्र रेट्यूल या त्यांच्या मोजमाप यंत्रणेत जमलेल्या हजारो लोकांच्या मापांकडे बघून ठरवलं, की दोन बायकांमध्ये जेवढा फरक असतो तेवढा बाई आणि पुरुषांच्या सरासरीत नसतो. फ्रेम सामायिक ठेवायची, सीट, हँडल आणि क्रँक (पेडलचा दांडा) मात्र माणसाप्रमाणे द्यायचे. मला दुसरं म्हणणं पटलं, कारण पुरावा माझ्या शेजारीच सायकल चालवतो. माझी मैत्रीण आणि मी, दोघींची उंची सारखीच, १५८ सेंटिमीटर. तिचे पाय माझ्यापेक्षा जवळजवळ चार सेंटिमीटरने लांब आहेत, म्हणजे धड तेवढंच आखूड. 'बायकांचे पाय लांब, धड आखूड' हे वाक्य तिला लागू पडतं, मला नाही. एकाच मापाच्या एकाच सायकलवर आम्ही दोघी सुखी होणं शक्य नाही, मग त्यावर फुलं काढलेली असोत की नसोत.

तर मापं. पायांच्या आतल्या बाजूची उंची मोजायला भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, एक जाड पुस्तक पायांत घट्ट वर दाबायचं, आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. दाबायचं म्हणजे खरंच दाबायचं, सीटवर बसल्यावर दाबलं जातं तितकं. माझं माप ७३ सेंटिमीटर आलं. याला ०.८८३ ने गुणलं की क्रँक ज्याभोवती फिरतो त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते, माझ्यासाठी साधारण साडेचौसष्ट. हे सूत्र अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने चालतं. ते सुरुवातीचा अंदाज म्हणून चांगलं, मग गुडघ्याचं ऐकत दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे करायचं.

फ्रेमच्या तक्त्यात वीसेक आकडे असतात. त्यातले दोन मी आधी शोधायचे, स्टॅक आणि रीच. क्रँकच्या आसापासून सरळ वर गेलं तर हँडलच्या खालची नळी किती उंचीवर संपते तो स्टॅक, आणि तिथून आडवं पुढे किती अंतरावर आहे तो रीच. एक उंची, एक लांबी. स्टॅकला रीचने भागलं की सायकलचा स्वभाव कळतो. भागाकार १.४ च्या आसपास किंवा खाली आला तर ती तुम्हाला पुढे वाकवणार, शर्यतीची. १.५ च्या वर गेला तर पाठीला मोकळीक. एका दुकानात जी सायकल 'एंड्युरन्स, एकदम आरामदायी' म्हणून पुढे केली होती तिच्या लहान मापाचे आकडे होते ५१० आणि ३७०, भागाकार १.३८. ती कुणाला तरी आरामदायी असेलच, ज्याचं पोट, पाठ आणि वय तसं असेल त्याला. मी शेवटी जी घेतली तिचे ५४८ आणि ३६२ आहेत, म्हणजे १.५१.

हे दोन आकडे बघून थांबले असते तर पुढचा सापळा दिसला नसता. लहान फ्रेममध्ये चाक बसवण्यासाठी कंपन्या सीटची नळी अधिक उभी करतात, ७३ अंशांच्या जागी ७५. त्यामुळे कागदावर वरची नळी आखूड दिसते आणि आपल्याला वाटतं, वा, हँडल जवळ आलं. प्रत्यक्षात आपण सीट जिथे हवं तिथे येईपर्यंत मागे सरकवतो, आणि वाचलेली लांबी तिथेच खर्च होते. माझ्या सीटच्या उंचीला एका अंशाचा फरक म्हणजे एका सेंटिमीटरहून किंचित जास्त. दोन अंश म्हणजे दोन सेंटिमीटरहून जास्त. एका सायकलवर मी सीट पार मागच्या टोकाला नेलं तरी गुडघे पुढेच राहात होते, आणि शरीराचा भार हातांवर येत होता. दुकानदार म्हणाला, सवय होईल. सवय होते हे खरंय, पण ती आखडलेल्या खांद्यांचीही होते.

आता हातांचं. करंगळीकडची दोन बोटं बधिर होतात ती तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाणारी नस दबल्यामुळे. मी आधी जेलचे हातमोजे घेतले, मग जाड ग्रिप. थोडा फरक पडायचा. खरा फरक पडला तो जुन्याच सायकलचं सीट मागे सरकवल्यावर आणि त्याचं नाक वर उचलून पातळीत आणल्यावर. सीटचं नाक खाली झुकलेलं असलं की आपण सतत पुढे घसरत असतो आणि हात ब्रेकसारखे शरीराला मागे ढकलत राहतात. तीन तास तसं ढकलत राहिलं तर बोटं काय करतील? तेव्हा नवी सायकल बघताना हँडलच्या आधी मी सीटची जागा लावून घ्यायला शिकले. ज्या दुकानात "आधी एक चक्कर तर मारून या" म्हणून सीट न लावताच सायकल हातात दिली, तिथल्या चकरेवरून मी काहीच ठरवलं नाही.

हँडल कुठलं हा वाद आमच्यात बराच रंगला. मैत्रीण सपाट हँडलवाली. तिचं म्हणणं, रहदारीत ब्रेक कायम बोटांखाली असतात, मान वर राहते, उगाच वळणदार शिंगांचं कौतुक कशाला. रोजच्या वापरापुरतं तिचं शंभर टक्के खरं आहे. पण लांबच्या अंतराला सपाट हँडलवर हाताची जागा एकच, आणि कितीही चांगली असली तरी एकच जागा चार तासांनी वाईट होते. टोकांना छोटी शिंगं लावली तर दुसरी जागा मिळते, बऱ्याच जणींना तेवढं पुरतं. खाली वळलेल्या ड्रॉप हँडलवर वरची आडवी पकड, कोपरे, ब्रेकच्या मुठी आणि खालची वक्र पकड अशा चार मिळतात. त्यातली खालची मी जोराच्या वाऱ्यात आणि लांब उतारावरच वापरते, बाकीचा सगळा वेळ हात मुठींवर. म्हणून मुठी कुठे येतात हे महत्त्वाचं. ड्रॉप हँडल म्हणजे वाकून चालवणं ही समजूत शर्यतीच्या सायकलींमुळे झालीय. स्टॅक पुरेसा असेल आणि स्टेम आखूड असेल तर मुठींवर हात ठेवून पाठ जवळपास हायब्रिडइतकीच ताठ राहते.

रुंदीचंही बघावं लागतं. बऱ्याच सायकलींवर ४२ किंवा ४४ सेंटिमीटरचं हँडल येतं. माझ्या खांद्यांच्या हाडांमधलं अंतर ३७ आहे. ४४ च्या हँडलवर हात फाकून मानेच्या मुळाशी जो ताण येतो तो अर्ध्या तासात कळत नाही, तिसऱ्या तासाला कळतो. मी ४० चं बसवून घेतलं, खाली किंचित बाहेर वळणारं. ब्रेकच्या पट्टीला बहुतेक वेळा एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की पट्टी हँडलजवळ येते आणि लहान हातांनाही दोन बोटांत ब्रेक मिळतो. हे मला एका मेकॅनिकने सांगितलं, विकणाऱ्याने नाही. तेलाचे डिस्क ब्रेक घ्यावेत की तारेचे, यावर मी फार डोकं लावलं नाही. लांब उतारावर तेलाच्या ब्रेकला बोटांचा जोर कमी लागतो. तारेचे कुठेही दुरुस्त होतात. हात लवकर दुखत असतील तर तेलाचे.

आणि आता सीट.

पहिली गोष्ट, मऊ सीट आरामदायी नसतं. निदान लांबच्या अंतराला नसतं. बोटाने दाबून बघितलं की छान वाटतं, बसल्यावर पहिली वीस मिनिटंही छान जातात. पण बैठकीची दोन हाडं त्या मऊपणात रुतत जातात आणि त्यांच्या मधला फोम वर उचलला जाऊन नेमका नको तिथे दाबतो. बाईच्या शरीरात तिथे जे आहे त्याला सूज येते, कातडी सोलवटते, लघवी करताना आग होते. लांब चालवणाऱ्या कितीतरी बायकांना हे माहीत असतं आणि कितीतरी जणी 'सायकल म्हटलं की होणारच' म्हणून गप्प बसतात. होणारच असं काही नाही. बधिरपणा किंवा सूज आली तर सीट चुकलंय, किंवा त्याची उंची, किंवा त्याचा कल. उंच सीटवर पेडल गाठायला कंबर डावी-उजवी झुलते आणि तेवढ्यानेही घासतं.

भार हाडांवर यायला हवा, म्हणून आधी हाडांमधलं अंतर मोजायचं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवायचा, त्यावर बसायचं, टाचा उचलून गुडघे थोडे वर घ्यायचे, किंचित पुढे वाकायचं आणि उठायचं. पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात, त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं. माझं १२८ मिलिमीटर आलं. सीट याहून साधारण दोन-अडीच सेंटिमीटर रुंद हवं, कारण हाडं काठावर टेकून चालत नाही. जितकं ताठ बसणार तितकं रुंद, जितकं वाकणार तितकं अरुंद, कारण वाकल्यावर ओटीपोटाचं हाड पुढे फिरतं आणि पुढची टेकायची जागा अरुंद असते. मी १५५ चं शोधलं. मैत्रिणीचं माप माझ्यापेक्षा कमी आलं, तिची कंबर माझ्याहून रुंद असूनसुद्धा. दिसण्यावरून इथे काहीच ठरत नाही.

मधली खाच असावी की नसावी, हे मात्र बसल्याशिवाय कळत नाही. खाचेमुळे नाजूक भागावरचा दाब जातो, पण काहींना तिच्याच कडा टोचतात. मला एक सीट तसंच टोचलं, दुसरं, रुंद आणि लांब खाचेचं, नाकाला आखूड, ते बसलं. कातड्याचं सीट मैत्रिणीकडे आहे, ब्रुक्सचं. महिनोन्‌महिने वापरून ते तिच्या मापाचं झालंय आणि ती त्याला जिवापाड जपते, पाऊस आला की आधी त्याला टोपी घालते, मग स्वतः रेनकोट. मला तेवढी निष्ठा जमणार नाही. परत घेण्याची किंवा बदलून देण्याची सोय असेल तिथूनच सीट घ्यावं, आणि घेतल्यावर निदान एक लांब फेरी केल्याशिवाय मत बनवू नये.

कपड्यांचं एका परिच्छेदात उरकते. पॅडची शॉर्ट्स अंतर्वस्त्राशिवाय घालायची असते. अंतर्वस्त्राच्या शिवणीच घासतात, त्या टाळायला तर पॅड आहे. पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅडच्या कडा लांब फेरीत सोलवटून काढतात, मला कप जास्त सोयीचा गेला. खांद्यावरून पट्टे असलेली शॉर्ट्स पोटाला काचत नाही, पण आडरस्त्याला लघवीला जायचं तर वरचे कपडे काढावे लागतात. मागून उघडणारी मिळतात, त्यांच्या क्लिप नीट बघून घ्याव्यात. आणि परतल्यावर त्या शॉर्ट्समध्ये गप्पा मारत बसायचं नाही, आधी बदलायची.

बसणं जमलं की चढ. दुकानात गिअर 'किती' ते सांगतात, मी 'सगळ्यात हलका कुठला' ते विचारत होते. पुढची सगळ्यात लहान चक्री आणि मागची सगळ्यात मोठी, एवढे दोन आकडे. रोड सायकलवर बऱ्याचदा पुढे ३४ आणि मागे २८ दात असतात. ३८ मिलिमीटरच्या टायरसह पेडलच्या एका फेरीत सायकल २.६६ मीटर जाते. पुढे ३० आणि मागे ३४ असतील तर १.९३ मीटर. आकडे किरकोळ वाटतात, म्हणून चढावर नेऊन बघू. मी, सायकल आणि सामान मिळून ८० किलो धरलं, आठ टक्क्यांचा चढ धरला आणि मिनिटाला ६० वेळा पेडल फिरवलं, तर पहिल्या गिअरला नुसतं वर चढायला १६५ वॉटच्या पुढे ताकद लागते, दुसऱ्याला १२० च्या आसपास. १२० वॉट मी बराच वेळ देऊ शकते. १६५ वर थोड्याच वेळात दम लागतो, मग पेडलची गती पडते, आणि गती पडली की सगळं वजन गुडघ्यावर. हळू जाण्याची लाज वाटायचं कारण नाही. ताशी सात किलोमीटरने का होईना, सीटवर बसून वर पोचणं उतरून ढकलण्यापेक्षा बरं.

पुढे एकच चक्री असलेल्या सायकलींची फॅशन आहे. चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा एक डिरेलर कमी, बिघाड कमी. पण मागच्या चक्र्यांमध्ये दातांचे टप्पे मोठे होतात, आणि सपाटीवर वाऱ्याविरुद्ध तासन्‌तास चालवताना नेमका हवा तो गिअर दोन गिअरांच्या मध्ये कुठेतरी राहतो. मी पुढे ४६ आणि ३० अशा दोन चक्र्यांची घेतली. क्रँकची लांबी १६५ मिलिमीटर. लहान फ्रेमवरसुद्धा १७० किंवा जास्त लांबीचे क्रँक लावून विकतात, आणि माझ्या मापाच्या पायांना पेडल वर आल्यावर मांडी पोटाला लागेल इतकी उचलावी लागते. पाच मिलिमीटर आखूड म्हणजे वर पाच आणि खाली पाच. माझ्या कमरेच्या सांध्याला ते लगेच जाणवलं.

टायरवर मी सगळ्यात कमी वेळ घालवला आणि आरामात सगळ्यात जास्त भर त्यांनीच घातली. बारीक आणि दगडासारखा फुगवलेला टायर वेगवान, हे मनातून काढायला थोडा वेळ लागतो. खडबडीत रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खड्याला सायकल आणि माणूस दोघांना उचलतो, त्यात ताकद वाया जाते. ३८ चा टायर मी चाळीस पीएसआयच्या आसपास ठेवते, पुढे थोडी कमी हवा, मागे थोडी जास्त. यातही न बदलणारी गोष्ट फ्रेमच आहे: फोर्कमध्ये (पुढच्या चिमट्यात) आणि मागच्या चिमट्यात किती जाड टायर मावतो. ३२ च मावत असेल तर खडीचं स्वप्न तिथेच संपलं. मी मडगार्डसकट ३८, मडगार्डशिवाय ४५ मावतील अशी फ्रेम बघितली.

धातूवर लोक रात्र-रात्र बोलू शकतात. माझी क्रोमोली स्टीलची आहे, कारण माझ्या मापाची, कॅरिअरला भोकं असलेली, रुंद टायर घेणारी अशी जी सापडली ती स्टीलची होती. ॲल्युमिनियमची सापडली असती तर ती घेतली असती. सामानाशिवाय साडेबारा किलो भरते. जिना चढवताना तिचं वजन कळतं, रस्त्यावर क्वचित. कॅरिअर, मडगार्ड, तिसरी बाटली यांची भोकं फ्रेममध्ये आधीच असावी लागतात, क्लॅम्प लावून जुगाड होतो पण तो कुरकुरतो. कॅरिअरला पिशव्या लावल्यावर टाच लागते का हे दुकानातच बघावं. मागचा चिमटा ४३ सेंटिमीटरपेक्षा आखूड असेल आणि पाय मोठा असेल तर प्रत्येक फेरीला टाच पिशवीवर आपटते.

शेवटच्या दोन सायकलींवर मी प्रत्येकी तासाहून जास्त बसले. यासाठी गळ घालावी लागते. माझे बूट, माझं सीट आणि माझे पेडल घेऊन गेले होते, मेकॅनिकच्या कपाळावर आठी आली, पण त्याने बसवून दिलं. चढावर नेलं, एक हात सोडून मागे वळून बघितलं, अचानक थांबून एक पाय टेकवला, खडीचा पट्टा शोधून त्यावर घातली. आणि अगदी हळू, चालण्याच्या वेगाने, हँडल पूर्ण वळवून गोल फिरले. हे शेवटचं का, तर लहान फ्रेमला मोठं चाक असलं की पेडल पुढे असताना वळलेलं चाक बुटाच्या टोकाला लागतं. वेगात असताना हँडल इतकं वळतच नाही, त्यामुळे धोका रहदारीत, यू-टर्नला आणि चढावर अडखळताना. पहिल्या सायकलवर बूट चांगलाच अडकला, मी पडता पडता राहिले. दुसऱ्या सायकलवर बोटभर जागा उरली, आणि निवड तिथे झाली. ती पहिली दिसायला फार देखणी होती, हे नमूद करून ठेवते.

घेतल्यानंतरही काम होतंच. मिळालेलं ९० मिलिमीटरचं स्टेम काढून ७० चं बसवलं. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवलं होतं की फोर्कची वरची नळी कापायची नाही, स्टेमखालच्या रिंगा तशाच राहू द्या. कापलेली नळी परत वाढत नाही आणि हँडल एखादा सेंटिमीटर वर घ्यावंसं वाटेल तेव्हा त्या रिंगाच कामाला येतात. केबली स्टेम आणि हेडसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) आतून नेलेल्या सायकली दिसायला नीटनेटक्या, पण स्टेम बदलायचं म्हटलं की अर्धी सायकल उघडावी लागते, म्हणून त्या मी यादीतून आधीच काढल्या होत्या. पहिले काही आठवडे खिशात षटकोनी पाने घेऊनच फिरत होते, एका वेळी एकच गोष्ट, तीही दोन-तीन मिलिमीटर. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर बरं कशामुळे वाटलं ते कळत नाही.

बोटं आता बधिर होत नाहीत. मान चौथ्या-पाचव्या तासाला कुरकुरते, पण ती ऑफिसात बसूनही कुरकुरते, तेव्हा सगळं सायकलवर ढकलता येत नाही.

एक भानगड उरली आहे. मडगार्ड लावल्यावर पुढच्या चाकाभोवतीचा पत्रा बुटाकडे आला आणि ती बोटभर जागा जवळजवळ संपली. उपाय दोन दिसतात. एक, पावसाळा सोडून मडगार्ड काढून ठेवायचे. दुसरा, चाकंच बदलून ६५०बी मापाची घ्यायची. त्यांच्या रिमचा व्यास ५८४ मिलिमीटर, माझ्या सध्याच्या ७००सी चा ६२२. त्यावर ४७ चा जाड टायर चढवला तरी चाकाची त्रिज्या आत्तापेक्षा एक सेंटिमीटरने कमी होते, डिस्क ब्रेक असल्याने ब्रेकही तसेच चालतात. पण क्रँकही तेवढाच जमिनीजवळ येतो, वळणावर पेडल घासायची शक्यता वाढते, आणि ४७ चा टायर या फ्रेमच्या मागच्या चिमट्यात मावतो की नाही ते मोजून बघायचंय. मैत्रिणीच्या ओळखीतल्या एकीकडे तशी चाकं आहेत. ती एका आठवड्यासाठी देणार आहे, तोवर मडगार्ड माळ्यावर.